वाराचे जेवण आणि शाळेचा ट्रे

२०१७ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी आमच्या मुलीच्या दप्तरातून घडी घातलेला एक कागद निघाला. शाळेच्या जेवणखात्यात तिच्या नावावर पैसे उरलेले नाहीत, उलट अकरा डॉलर देणे झाले आहे, ते लवकर भरावे, असा मजकूर होता. सोबत एक फॉर्म जोडला होता. कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर तो भरून द्यावा, म्हणजे मुलीला जेवण मोफत किंवा सवलतीत मिळेल. माझी नोकरी जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. धाकटा दीड वर्षाचा, त्यामुळे बायको घरीच होती. बेकारभत्ता धरूनही आम्हा चौघांचे उत्पन्न सवलतीच्या मर्यादेत बसत होते. मी कॅल्क्युलेटर घेऊन दोनदा पाहिले.

बायको म्हणाली, "अरे, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. भरून टाक." मी तिला कारणे सांगितली. एका मित्राने बजावले होते की असे काही घेतले की पुढे सिटिझनशिपच्या वेळी अडते. (हे साफ खोटे आहे. शाळेतले जेवण घेतल्याने इमिग्रेशनला बाधा येत नाही. वाचकांपैकी कुणाच्या मनात ही भीती असेल तर त्यांनी ती आजच काढून टाकावी.) खरे कारण निराळे होते. भिंतीवर डॉक्टरेटची फ्रेम, आणि खाली टेबलावर तो फॉर्म. सही करायला हात धजेना. मी अकरा डॉलर भरले आणि दुसऱ्या दिवसापासून पोळीभाजीचा डबा सुरू केला. डबा बहुतेक वेळा तसाच परत येई, पण तो विषय आपल्या मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला चघळून झालेला आहे.

त्याच आठवड्यात मुलीने जेवताना एक गोष्ट सांगितली. रांगेत तिच्या पुढचा मुलगा ट्रे घेऊन गल्ल्यापाशी पोचला. तिथल्या बाईंनी पडद्यावर काहीतरी पाहिले, ट्रे काढून घेतला आणि त्याला एक थंड चीज सँडविच व दूध दिले. गरम जेवण कचऱ्याच्या पिंपात गेले, कारण एकदा वाढलेले परत घेता येत नाही. "बाबा, तो रडला नाही. पण त्याने सँडविच खाल्लंच नाही," असे ती म्हणाली. शाळेचे नाव मी लिहीत नाही. त्या काळी देशभर अनेक शाळांत हीच रीत होती.

त्या रात्री मला आजोबांची आठवण झाली. पुढच्या महिन्यांत दिवसभर अर्ज पाठवून झाले की मी संध्याकाळी पब्लिक लायब्ररीत जाऊन या विषयावर मिळेल ते वाचत बसे. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

माझे आजोबा वाईजवळच्या एका खेड्यातले. १९३२ साली इंग्रजी शाळेसाठी ते पुण्यात आले आणि वार लावून जेवले. इथे वाढलेल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. गरीब विद्यार्थ्याने सात घरे धरायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे आठवडाभर जेवायचे. पैसे कुणी घेत नसे. पुण्यातल्या किती वकील-मास्तरांची शिक्षणे अशी झाली आहेत याची गणती नाही. सातही वार मिळणे हे भाग्याचे. आजोबांना सहाच मिळाले, शनिवार रिकामा राहिला. वर्गात कुणी विचारले तर ते "मारुतीचा उपास आहे" असे सांगत. गंमत म्हणजे पुढे नोकरी लागल्यावर चारचौघांसारखा शनिवारचा उपास त्यांनी जन्मात केला नाही. शनिवारी ते दोन्ही वेळा पोटभर जेवत.

आम्ही नातवंडे त्यांना वारांबद्दल विचारायचो, तेव्हा काय जेवलो हे त्यांना फारसे आठवत नसे. पान कुठे मांडले जाई हे मात्र प्रत्येक घराचे सांगत. मंगळवारच्या घरी घरच्या मुलांच्या पंगतीत. गुरुवारच्या घरी सर्वांचे झाल्यावर, दाराजवळ. गुरुवारच्या घरची आमटी चांगली होती, हेही ते प्रामाणिकपणे सांगत.

ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरी जेवायचे त्या घरच्या सोवळ्याओवळ्यात बसणाऱ्यालाच तिथे पान मिळे. बाकीच्यांसाठी वेगळा मार्ग काढावा लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारायला मदत केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजी हे वसतिगृह पाहून गेले. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही गेले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. आजोबांच्या गावातला त्यांचा एक वर्गमित्र या वसतिगृहात शिकला. म्हातारपणी दोघे पारावर बसत, आणि आजोबा म्हणत, "याला शनिवार नव्हता."

आता अमेरिकेकडे वळू. शाळेतल्या जेवणाच्या कामाची सुरुवात करणाऱ्यांत एक बाई माझ्याच व्यवसायबंधूंपैकी निघाल्या, याचा मला आनंद झाला. एलन स्वॅलो रिचर्ड्स या एमआयटीच्या पहिल्या स्त्री पदवीधर (१८७३), विषय रसायनशास्त्र. १८९० मध्ये त्यांनी मेरी हिन्मन एबल यांच्यासह बॉस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' काढले. गरीब कामगारांना कमी पैशांत मोजूनमापून पौष्टिक अन्न मिळावे हा हेतू. शास्त्रात काही उणे नव्हते, पण चव होती यांकी घरातली. दुसऱ्या मुलखांतून आलेल्या कामगारांनी त्या सुपाकडे पाठ फिरवली. आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी डॉर्मच्या मेसमध्ये उकडलेले गाजर गिळले आहे, त्यांना या कामगारांची बाजू समजावून सांगायला नको. किचनला खरे गिऱ्हाईक मिळाले ते शाळांत. १८९४ पासून बॉस्टनच्या हायस्कुलांना तिथून दुपारचे जेवण जाऊ लागले. त्याआधी शाळेत खाणे विकण्याचा धंदा जॅनिटरांच्या हातात असे, आणि त्यांनी या नव्या व्यवस्थेविरुद्ध बराच गोंधळ घातला.

पण हायस्कुलात जाणारी मुले तेव्हा थोडी आणि बऱ्यापैकी घरची होती. प्राथमिक शाळांतल्या भुकेचा प्रश्न पुढे आला तो रॉबर्ट हंटर यांच्या 'पॉव्हर्टी' या पुस्तकामुळे (१९०४). एकट्या न्यूयॉर्क शहरात साठ-सत्तर हजार मुले अनेकदा उपाशीपोटी शाळेत येत असावीत, असा अंदाज त्यांनी मांडला. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, सरकार मुलांना शाळेत येण्याची सक्ती करते, मग उपाशी मुलाला शिकवणे म्हणजे मास्तरांचा पगार पाण्यात घालणे. दुसरा म्हणे, मुलांना जेवू घालणे हे आईबापांचे काम, सरकारने ते उचलले की आईबाप आळशी होतील. हा वाद १२० वर्षांनंतरही जवळजवळ याच शब्दांत चालू आहे. इंग्लंडने १९०६ मध्ये कायदा करून नगरपालिकांना शाळेत जेवण देण्याची मुभा दिली. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले तरुण फारच अशक्त निघाले होते, त्याचा तो परिणाम होता. न्यूयॉर्कमध्ये मेबल किट्रेज या बाईंनी १९०८ पासून तीन सेंटांचे जेवण सुरू केले. इटालियन वस्तीत इटालियन पदार्थ आणि ज्यू वस्तीत कोशर, इतका विचार त्यांनी केला होता.

केंद्र सरकार यात पडले ते मुलांच्या कळवळ्याने नव्हे, शेतकऱ्यांमुळे. महामंदीत शेतमालाचे भाव इतके कोसळले की १९३३ मध्ये सरकारने सुमारे साठ लाख डुकराची पिल्ले विकत घेऊन मारली. शहरांत लोक सूपसाठी रांगा लावीत होते आणि गावांत अन्न नष्ट होत होते. यावर देशभर ओरड झाली. मग १९३५ च्या कायद्यातल्या कलम ३२ प्रमाणे जकातीच्या उत्पन्नाचा तीस टक्के भाग शेतमालाच्या बाजारासाठी राखून ठेवण्यात आला. त्यातून सरकारने वाढावा माल घ्यायचा आणि शाळांना द्यायचा, असे ठरले. डब्ल्यूपीए या रोजगार योजनेतून बायकांना स्वयंपाकाचे काम मिळाले. १९३७ मध्ये सुमारे ३,८०० शाळांत हा माल जात होता. १९४२ पर्यंत शाळा जवळजवळ ७९,००० झाल्या आणि मुले ५२ लाखांवर गेली. एका हाताने शेतकरी, दुसऱ्या हाताने बेकार बाई आणि तिसऱ्या हाताने मूल, असा हा त्रिभुज कारभार होता आणि तो चांगला चालला. युद्धात वाढावा माल सैन्याकडे गेला, डब्ल्यूपीए १९४३ मध्ये बंद झाली आणि हजारो शाळांतल्या चुली विझल्या.

चुली पुन्हा पेटल्या त्याही सैन्यामुळेच. लष्करभरतीचे प्रमुख जनरल लुईस हर्शी यांनी काँग्रेससमोर साक्ष दिली की नापास झालेल्या तरुणांपैकी अनेकांच्या दोषांचे मूळ लहानपणच्या कुपोषणात आहे. ४ जून १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी नॅशनल स्कूल लंच ॲक्टवर सही केली. कायद्याचा हेतू त्यात पहिल्याच कलमांत सांगितला आहे: राष्ट्राची सुरक्षितता, मुलांचे आरोग्य आणि देशी शेतमालाचा खप. शिक्षणाचे नाव तिथे नाही, आणि ही योजना आजही शिक्षण खात्याकडे नसून शेती खात्याकडे आहे. मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हते.

कायद्याचे मुख्य पुरस्कर्ते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल. त्यांच्या गरीब राज्याला या पैशांची गरज होती आणि ते वर्णभेदाचे कट्टर समर्थकही होते. हार्लेमचे काँग्रेसमन ॲडम क्लेटन पॉवेल यांनी भेदभाव करता येणार नाही अशी दुरुस्ती घालून घेतली. गरीब मुलांना मोफत जेवण द्यावे आणि त्यांना वेगळे बसवू नये, असेही कायद्यात लिहिले होते. पण त्यासाठी वेगळा पैसा ठेवला नाही. राज्यांनी आपला वाटा घालायचा होता, तो त्यांनी मुलांनी भरलेले जेवणाचे पैसेच मोजून दाखवला. जी मुले पैसे भरत त्यांच्या शाळांना मदत, आणि जिथे भरू शकत नाहीत तिथे काहीच नाही, असा उलटा हिशोब झाला. शहरांतल्या जुन्या शाळांना तर स्वयंपाकघरच नव्हते.

हाच वाढावा माल पुढे आमच्या घरापर्यंत पोचला. १९५४ मध्ये अमेरिकेने पीएल ४८० हा कायदा केला आणि जादा गहू, दुधाची भुकटी वगैरे परदेशी जाऊ लागले. माझे वडील तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळेत होते. शाळेच्या व्हरांड्यात हंड्यात पाणी तापवून मास्तर त्यात भुकटी ढवळीत आणि पोरे घरून आणलेले पेले पुढे करीत. पोत्यावर हातात हात दिलेले चित्र होते, ते वडिलांना अजून आठवते. दूध त्यांना आवडत नसे, जळका वास येई म्हणत, पण पोती रिकामी झाली की त्यांचे पिशव्यांचे कापड कोण नेणार यावर भांडणे होत. मी २००२ मध्ये पीएच.डी.साठी निघालो तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्या शाळेत मी आधीच जेवलोय." आम्ही सगळे हसलो होतो.

अमेरिकेतला उलटा हिशोब उघडा पाडला तो बायकांच्या काही संघटनांनी. जीन फेअरफॅक्स यांच्या पुढाकाराने त्यांनी गावोगाव जाऊन शाळांची पाहणी केली आणि १९६८ मध्ये 'देअर डेली ब्रेड' हा अहवाल काढला. पब्लिक शाळांतल्या सुमारे ५ कोटी मुलांपैकी मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळत होते ते २० लाखांहून कमी, म्हणजे चार टक्केही नाही. कुणाला मोफत द्यायचे हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६९ मध्ये, ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. फॉर्म नाही, चौकशी नाही, जो येईल तो बसेल. या पक्षाच्या बंदुकांबद्दल वाचकांचे मत काहीही असो, सरकारचा नाश्त्याचा कार्यक्रम १९६६ पासून केवळ प्रायोगिक म्हणून रांगत होता. तो कायम झाला १९७५ मध्ये.

१९७० च्या दुरुस्तीने देशभर एकच उत्पन्नमर्यादा लागू केली, आणि आणखी एक गोष्ट केली जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोफत जेवणाऱ्या मुलाला वेगळे तिकीट, वेगळे टोकन, नावांची जाहीर यादी, अशा कुठल्याही प्रकारे ओळखू येईल असे वागवायचे नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले. माझ्या आजोबांचे गुरुवारचे पान दाराजवळ मांडू नये, असा कायदा!

तो पाळणे मात्र अवघड गेले. पुढे कॉम्प्युटर आले, प्रत्येक मुलाला नंबर मिळाला आणि कुणाचे पैसे कोण भरते हे गल्ल्यावरच्या पडद्यापुरते राहिले. आमच्या धंद्यातली ही खरोखर चांगली कामगिरी. पण त्याच पडद्याने उधारीही दाखवायला सुरुवात केली. मोफत जेवणारा मुलगा ओळखू येत नाही. ज्याच्या आईबापांनी पैसे भरले नाहीत, किंवा माझ्यासारखा फॉर्म भरला नाही, त्याचाच ट्रे सगळ्यांसमोर काढून घेतला जातो. जुलै २०१७ पासून शेती खात्याने शाळांना उधारीबाबत लेखी धोरण ठेवायला सांगितले होते. सँडविच द्या किंवा देऊ नका, हे सांगितले नव्हते.

मधल्या काळात राजकारण चालूच होते. १९८१ मध्ये रेगन सरकारने अनुदानात मोठी कपात केली, आणि लोणच्याची चटणी किंवा केचप भाजीत धरता येईल असे नियम सुचवून स्वतःचे हसे करून घेतले. काही आठवड्यांतच ते मागे घ्यावे लागले. २०१० च्या कायद्याने धान्य-भाज्यांचे नियम कडक केले, तर २०११ मध्ये काँग्रेसने पिझ्झावरच्या टोमॅटोला जुनाच मान मिळेल याची काळजी घेतली. पण २०१० च्या कायद्यातली एक बारीक तरतूद या सगळ्यापेक्षा मोलाची होती. ज्या शाळेतली निदान ४० टक्के मुले इतर सरकारी योजनांच्या यादीत आधीच आहेत, त्या शाळेत कुणाकडूनही फॉर्म न घेता सर्वांना मोफत जेवण देता येते. याद्या जुळवायचे काम कॉम्प्युटर करतो. २०२३ मध्ये ही मर्यादा २५ टक्क्यांवर आणली गेली.

हे सगळे वाचून एकदा आईला फोनवर फॉर्मची भानगड सांगितली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा मी शाळेतच होतो आणि आई महिन्याच्या शेवटी तराजू घेऊन बसे. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला ३ किलो तांदूळ. तो घरी जाई आणि सारे घर तो खाई, मुलाच्या वाट्याला किती येई कोण जाणे. नोव्हेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळेत खिचडी शिजू लागली. तामिळनाडूत हे कामराजांच्या काळापासून, १९५६ पासून होते. मद्रास नगरपालिकेने तर १९२० मध्येच एका शाळेत सुरुवात केली होती. आईच्या शाळेत पहिल्या वर्षी दोन-तीन घरांनी पोरांना खिचडी खाऊ नका म्हणून सांगितले. शिजवणारी बाई कोण आहे हे पाहून. आईने स्वतः पोरांच्या पंगतीत मांडी घातली आणि जेवली. महिनाभर रोज.

माझे सगळे ऐकून घेऊन आई म्हणाली, "फॉर्म कसला? पोर शाळेत आलं की जेवलं."

खिचडीत अळ्या निघाल्याच्या बातम्या मीही वाचल्या आहेत, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची मुले आता त्या शाळेत नाहीत, हेही खरे. आईला तसे म्हणालो. ती म्हणाली, "मग तुझी पोरगी आहे ना त्या शाळेत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मला नोकरी लागली. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला आणि केंद्राने नियम शिथिल केल्याने दोन वर्षांहून अधिक काळ देशभर कुणालाही फॉर्मशिवाय जेवण मिळाले. जून २०२२ मध्ये ती सवलत संपली. कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी ती आपल्या पैशांतून कायम केली, मग इतर काही राज्ये आली. आमच्या मॅसॅच्युसेट्सने २०२३ च्या उन्हाळ्यात केली. मुलगी आता हायस्कुलात आहे. जेवण बेचव असते, अशी तिची तक्रार आहे. एलन रिचर्ड्सबाईंच्या गावात याचे नवल वाटायला नको. डबा तिने कधीच बंद केला, मैत्रिणींबरोबर ट्रे घेते.

२०२३ च्या सप्टेंबरात शाळेकडून पुन्हा तोच फॉर्म आला. जेवण सर्वांना मोफत आहे, पण केंद्राचा पैसा अजून या फॉर्मांवरून ठरतो, म्हणून उत्पन्न कितीही असले तरी सर्वांनी भरून द्यावा, अशी विनंती होती. मी जेवणाच्या टेबलावरच तो भरला. पाच मिनिटे लागली.